दुसरी दोरी

नऊ वाजून गेले तरी सीताबाईची थाप पडली नाही.

रोज ती ठरल्यासारखी पडायची. पहाटेची जाळी काढून झाली, मासे निवडून झाले, लटारूभाऊ थर्माकोलचा डबा मोटरसायकलला बांधून आरमोरीच्या बाजाराकडे निघाले, की त्यांची बायको सीताबाई नदीतच हात धुवायची, ओले हात पदराला पुसायची आणि शेजारच्या बोटीच्या अंगावर दोनदा थापटायची. म्हशीच्या पाठीवर थापटावं तसं. "दे वो इकडं, माह्यी मालकीण दे." मग दिव्यानी चौदा महिन्यांच्या आमूला बोटीच्या काठावरून तिच्या हातांत द्यायची, आत केबिनमध्ये जायची आणि आडवी पडायची. अकरापर्यंत. कधी साडेअकरापर्यंतही.

ही झोप काय होती हे दिव्यानीलाच ठाऊक. आमू झाल्यापासून सलग झोप अशी तिला नव्हतीच. डोळा लागला न लागला की दचकून उठायची आणि पोरीच्या नाकाखाली बोट धरून बघायची. गडचिरोलीला माहेरी आई होती, वहिनी होती, दवाखान्यात पंचवीस वर्षं नोकरी केलेली मावशी होती. त्यांच्या हातात पोर दिली तरी हिचे डोळे दाराला लागलेले. "एमएस्सी झाली अन् अशी कशी वो ही पोट्टी," मावशी म्हणायची. आणि इथे, दोन पुरुष खोल पाण्यावर, महिनाभरापूर्वी जिचं नावही माहीत नव्हतं त्या बाईच्या मांडीवर पोर ठेवून ती चक्क घोरत होती. हे कसं झालं ते तिला कळलं नव्हतं. कळून घ्यायची तिला भीतीच वाटायची. कळलं की मोडेल, असं काहीतरी.

आज थाप नाही. तिने केबिनच्या हातभर खिडकीतून पाहिलं. सीताबाई आपल्या जागी बसून जाळं सांधत होती. इकडे पाठ करून.

पाठ कधी नसायची.

*

बोट प्रफुलची. प्रफुल म्हणजे दिव्यानीचा नवरा, अकरावीपासूनची ओळख. आयटीआय करून तो गोव्याला शिडाच्या बोटींच्या कारखान्यात गेला, नऊ वर्षं फायबर घासलं, आणि परत येताना लोक काजू आणतात तसा भंगारात निघालेला अठरा फुटी सांगाडा ट्रकवर टाकून आरमोरीला घेऊन आला. दोन वर्षं घरामागे, वडिलांच्या धानाच्या पोत्यांना खेटून, त्याच्यावर काम करत बसला. वैनगंगेत शीड म्हटल्यावर गाव हसलं. पण त्याचं गणित साधं होतं. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, हिवाळ्यातला वाराही उत्तरेचा, आणि बॅरेज झाल्यापासून पाणी तुंबून तलावासारखं पसरलेलं. नोव्हेंबर सरता निघायचं, घाटाघाटाला थांबत मार्कंड्याच्या देवळापर्यंत जायचं, दोन महिने बोटीतच राहायचं. दिव्यानीची कंत्राटी नोकरी आमूच्या वेळीच सुटलेली. नाही म्हणायला तिच्याकडे भीतीशिवाय दुसरं कारण नव्हतं, आणि भीतीला घरात कोणी कारण मानत नाही.

तिसऱ्या दिवशी ते करंजघाटाला लागले. एका रात्रीसाठी. त्याला आज एकोणीस दिवस झाले.

करंजघाट नावाचा घाट. पायरी म्हणाल तर एक नाही. काठावर एक जुनं करंज, त्याच्या सावलीत तट्ट्याच्या दहा-बारा झोपड्या. दोन्ही काठच्या गावांतली ढिवरांची घरं दिवाळीनंतर मासेमारीला इथे उतरतात आणि होळीला परत जातात. हा काठ गडचिरोलीचा, तो चंद्रपूरचा; मोबाईलला रेंज मिळते ती त्या काठाची. वाळूत वाघाचे पंजे दिसतात, म्हणून पुरुष झोपड्यांपाशी शेकोटी करून झोपतात आणि बायका-पोरं पाण्यावर. दोन डोंगे जोडायचे, वर बांबूचा तट्टा, त्यावर ताडपत्रीची मांडवी, की झालं घर. सांज झाली की ही घरं एकमेकांना बांधायची, लांब बांबूच्या बल्लीने ढकलून वीस हात आत न्यायची. सगळ्या रांगेची एकच दोरी करंजाला जाते, ती पहिल्या घराची. पहिलं घर सीताबाईचं. तिच्या आधी तिच्या सासूचं होतं.

पहिल्या संध्याकाळी प्रफुल दोरी घेऊन करंजाकडे निघाला तेव्हा लटारूभाऊंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सीताबाईच्या डोंग्याला बांधली. "खुट्याले ढोरं बांधतेत गा. डोंगा डोंग्याले बांधतेत."

प्रफुलच्या बोटीला तळाखाली खोल जाणारं पातं, त्यामुळे ती काठाला टेकत नसे. जमिनीवर उतरायचं तर मधली फळी ओलांडून सीताबाईच्या घरातून जावं लागे. दिवसातून दहा वेळा. असं दहा वेळा दुसऱ्याच्या चुलीवरून गेलं की माणूस पाहुणा राहत नाही. "बस नं," म्हणायची सीताबाई, आणि हातात काहीतरी यायचं: भाजलेले झिंगे, उकडलेल्या, वालासारख्या पोपटाच्या शेंगा, अंबाडीचं पिठलं. प्रफुलच्या छतावर सोलरचा पत्रा होता. त्यामुळे सगळ्या घाटाचे मोबाईल त्यांच्या केबिनच्या दारात वटवाघळांसारखे लटकलेले असायचे. शीड उघडलं की झोपड्यांकडून हाक यायची, "काय गा प्रफुल, सासऱ्याचं धोतर वाळवून राह्यला का?" आणि लटारूभाऊ रोज तेच विचारायचे, "वाऱ्यानं चालते, डिझेल नाई, वल्हं नाई. मंग तू थकते काहाचा?"

आमूला दिव्यानी ओढणीने डोलकाठीला बांधून ठेवायची. साठीच्या आशाबाईने, जिची जीभ घाटावर सगळ्यांत तिखट, ते पाहून विचारलं होतं, "बकरी हाय का वो थे?" सीताबाईने ओढणी सोडली, पोर उचलली, आपल्या तट्ट्यावर नेऊन बसवली. "सुटी राह्यली तं काठ कोणता थे कळते लेकराले." दिव्यानी बघत बसली. आमू काठापर्यंत रांगत गेली, पाण्यात बघितलं, मागे फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली. सीताबाईचं तोंड पोरीकडे, हात जाळ्यात. जाळं सांधायला बसली की ती पाण्याकडून आलेली एक दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळून घ्यायची. जाळं ताणून धरायला असेल, असं दिव्यानीला वाटलं. तिसऱ्या फेरीला कधीतरी तिचा डोळा लागला होता.

*

दारातली वटवाघळं आज गेलेली होती. नुसत्या वायरी.

"प्रफुल, मोबाईल कुठी गेले सगळ्यांचे?"

प्रफुल शिडाला ठिगळ लावत होता. "घेऊन गेले सकाळी."

"काही बोलले?"

"आशाबाई म्हणे, चार्ज झाला."

"तेवीस टक्के होता तिचा."

"तू लोकांचे टक्के पाह्यत असते का?"

ती पाहत असे. तिला काय काय दिसायचं ते तिने कोणाला सांगितलं असतं तर लोक घाबरले असते. आशाबाईच्या मोबाईलची काच कोणत्या कोपऱ्यात तडकली आहे, सीताबाई कोणत्या गुडघ्यावर हात टेकून उठते, आमूने दिवसात किती वेळा ओला लंगोट केला. एवढं सगळं दिसूनही काल आणि आज यांच्या मध्ये काय घडलं ते मात्र दिसत नव्हतं. काल दुपारी तर हसत होत्या सगळ्या. काल तिने आमूला मरळीचा काटा काढलेला तुकडा नको म्हटलं, त्याचं का? का परवा सीताबाईच्या हातून आमूला घेतल्यावर तिने पोरीची बोटं ओल्या रुमालाने पुसली, ते पाहिलं कोणी? की तेच जुनं, जे तिला कॉलेजात, भाड्याची खोली शोधताना, लग्नाच्या जेवणात, कुठेही आधी आठवायचं?

"आपलं आडनाव कोणी विचारलं का तुला?"

प्रफुलने सुई खाली ठेवली. "पहिल्याच दिवशी सांगतलं मी. लटारूभाऊ जयभीम घालते मले रोज सकाळी. ते नाई काही."

"मग काय आहे?"

"मले काय माहीत. बायकांचं असन काही." मग वाऱ्याकडे तोंड करून त्याने नाक वर केलं, मांजरीसारखं. "परवा वारा मस्त राहीन. निघू. तसं बी लय थांबलो."

निघू म्हटल्यावर खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. असं निघायचं? न सांगता मनात काही घेऊन?

ती आमूला कडेवर घेऊन फळी ओलांडून गेली.

"या मॅडम," सीताबाई म्हणाली.

दिव्यानीचा एक पाय फळीवर होता. तो तिथेच राहिला. एकोणीस दिवसांत ती दिव्या होती, पोट्टी होती, एकदा रागाने येडी होती. मॅडम नव्हती.

आमूला शब्द कळत नव्हते. तिने दोन्ही हात पसरून सीताबाईकडे झोका घेतला. सीताबाईचे हात उचलले गेले, मध्येच थांबले आणि जाळ्यात परत गेले. "माहे हात मास्याचे हायेत," ती म्हणाली.

तिचे हात कधी मास्याचे नव्हते?

"सीताबाई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं काहाचं चुकते. शिकलेले लोक तुमी. ज्याले त्याले आपल्या जिवाची काळजी."

"कोणाच्या जिवाची?"

सीताबाईने दाताने सूत तोडलं. आमू रडायला लागली आणि दिव्यानी तिला घेऊन काठावर उतरली, कारण बोटीत परत जायचं तर पुन्हा तेच घर ओलांडावं लागलं असतं. तेवढंही होईना.

*

झोपड्यांच्या मागे लाखोरीचं शेत होतं. आशाबाई तिथे भाजीला कोवळे शेंडे खुडत होती. तिच्या रागाचा एक गुण होता, तो गप्प बसून करता यायचा नाही तिला. दिव्यानी बांधावर बसली, आमूला हातात एक शेंडा दिला आणि म्हणाली, "आशाबाई, तुम्ही तरी सांगा."

"आमीच सांगाचं? ज्यानं तुले सांगतलं त्यालेच इचार."

"मला कोणी काय सांगितलं?"

"चंदानं फोन केला असन. नाई तं हा आपल्या घाटावरचा दिनेश. परवा सिंदेवाहीले गेल्ता, तिच्याच घरी चहा प्याला असन बसून."

"कोण चंदा?"

आशाबाई सरळ झाली. शेंड्यांनी भरलेला पदर एका हाताने धरून तिने दिव्यानीच्या तोंडाकडे पाहिलं, बाजारात मासा ताजा आहे का पाहतात तसं. गाल, डोळे, पुन्हा डोळे.

"तू चंदाले नाई ओळखत?"

"नाही."

"खरं?"

"आमूची शपथ."

"मंग दुसरी दोरी काऊन बांधली तू?"

दुसरी दोरी. दिव्यानीला आठवायला क्षणभर लागला. काल सांजेला वारा उठला होता. बोट हलत होती, आमू कुरकुरत होती. प्रफुल कधीतरी सहज बोलला होता की गोव्याला कोणतीही बोट दोन दोऱ्यांनी बांधतात, तसा नियमच आहे. सीताबाई तेव्हा झोपडीत भात टाकायला गेलेली. दिव्यानीने पेटीतली निळी नायलॉनची दोरी काढली, एक टोक बोटीला आणि दुसरं करंजाच्या मुळीला बांधलं. पाच मिनिटांचं काम. बांधून झालं आणि ती विसरलीही.

"वारा होता म्हणून," ती म्हणाली.

"वारा होता म्हून," आशाबाई म्हणाली आणि बांधावर तिच्या शेजारी बसली. पदरातले शेंडे मांडीवर घेऊन निवडता निवडता सांगायला लागली.

सात वर्षं झाली. तेव्हाही अशीच रांग होती, पाच घरांची, आणि करंजाची दोरी सीताबाईने बांधली होती. पहाटे घाटावर कोणीतरी उठून पाहतो तर पाणी मोकळं. पाचही घरं, अकरा बायका-पोरं, वाहत गेलेली. "अन् आमी कोणी उठलो नाई वो. मी बी होती त्याच्यात. पाण्यात हालत नाई नं काई, सोबतच वाह्यते सगळं. मले तं मस्त झोप लागली होती." वळणाच्या खडकावर शेवटचं घर आपटलं तेव्हा जाग आली. ते घर चंदाचं. तिचा दोन वर्षांचा आयुष पाण्यात गेला. दोन तासांनी सापडला, खडकातल्या झुडपाला धरून बसलेला, जिवंत.

"पण वर्षभर बोलला नाई पोट्टा. आता शाळेत हाय सिंदेवाहीले. मास्तर म्हणते, बाबा, थोडा वेळ तरी चूप बस."

"आणि चंदा?"

"थे तीन राती आली अठी. आली, सीताच्या डोंग्याले घर बांधलं, अन् वरून दुसरी दोरी झाडाले बांधली. कोणाले एक शब्द नाई. चवथ्या दिवशी घर घेऊन गेली, आलीच नाई." आशाबाईने एक शेंडा फेकून दिला. "तवापासून या घाटावर दुसरी दोरी कोणी बांधत नाई. भांडण झालं तरी नाई. आई-माईवरून शिव्या देतेत, पर दोरी नाई बांधत. काल तुह्यी दोरी पाह्यली सीतानं अन् भात तसाच ठेवला."

"पण गाठ सुटली कशी?"

"तेच तं. कोणी म्हणे उंदरानं कुरतडली. कोणी म्हणे पिऊन कोणी सोडली. दोरी पाह्यली आमी. ना तुटली, ना कुरतडली. सीता पयले म्हणे, मी बांधली. मंग म्हणे, बांधली असन." आशाबाई उठली. "जा, सांग तिले, मले माहीत नोयतं म्हून. अन् थे पोट्टीच्या तोंडातला पाला काढ."

*

सांगणं सोपं होतं. परत येताना अर्ध्या वाटेतच ते अवघड झालं.

तासाभरापूर्वी त्या दोरीला काही अर्थ नव्हता. त्यांनी तो लावला होता. आता तिला सगळं माहीत होतं, आणि माहीत झाल्यावर दोरी तशीच ठेवली तर तिचा अर्थ तोच, जो त्यांनी लावला होता. आणि सोडली तर? माहीत नसताना सोडली असती तर गोष्ट वेगळी. आता सोडायची म्हणजे खोटं वागायचं का? कारण खरं विचाराल तर आता ती भ्याली होती. एकोणीस दिवस ती ज्या झोपेवर खूश होती ती तीच झोप होती, सगळं सोबत वाहत जातं ती. सीताबाईचा हात म्हणजे तिला आतापर्यंत जगातली एकमेव पक्की गोष्ट वाटत होती. त्याच हाताने "बांधली असन".

प्रफुलला तिने सगळं सांगितलं. त्याने सुई शिडात खोचून ठेवली. त्याच्यासाठी हे नवीन होतं.

"सोड नं मग," तो म्हणाला.

"आणि सुटली तर तिची?"

"तर नोको सोडू."

"तू काय माणूस आहेस का काय आहेस?"

"दिव्या, मी बी राती दोनदा उठून गाठ पाह्यतो. रोज."

"कोणती गाठ?"

"सीताबाईची. काल दोन्ही पाह्यल्या."

"काऊन नाही सांगितलं मला?"

"तू झोपली असायची," तो म्हणाला. "पहिल्यांदाच झोपत होती. कोण उठवते?"

याच्यावर रागवायचं का रडायचं हेही तिला ठरवता आलं नाही. आमू तिच्या खांद्यावर डोकं टेकून सीताबाईच्या दिशेने बघत होती. परवा निघायचं. म्हणजे दोरी बांधून, एक शब्द न बोलता, घर घेऊन निघून जायचं. चंदासारखंच. तेवढं एक तिला स्पष्ट दिसलं: काही केलं नाही तरी ते करणंच होतं.

दुपार कलायच्या आत ती करंजापाशी गेली. आमू कडेवर. झोपड्यांपुढे शेंगा सोलणारे हात थांबले. ते तिला न बघता कळलं. निळी दोरी ओली होऊन मुळीवर बसली होती. एका हाताने गाठ सुटेना. नख तुटलं. शेवटी सुटली, आणि टोक तिच्या हातात आलं.

आता ते सोडून द्यायचं, एवढंच राहिलं होतं. हात उघडेना. दोरीच्या त्या टोकाला बोट हळूच ओढत होती, सोडत होती, ओढत होती, आणि दिव्यानी भर दुपारी करंजाखाली येड्यासारखी उभी. सोडली तर ठीक. पुन्हा बांधली तर निदान खरं. मध्ये काही आहे का? असावं असं तिला वाटत होतं, पण ते काय असेल ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मग ती चालायला लागली. दोरी हातात गोळा करत, काठाकाठाने, सीताबाईच्या घरात चढली आणि जिथे बोटीची पहिली दोरी होती त्याच बांबूला दुसरी बांधायला लागली.

सीताबाईने हातातलं जाळं खाली ठेवलं. "हे काय करून राह्यली?"

"दुसरी दोरी बांधते."

"झाडाले बांध नं मंग. माह्याले काहाले?"

"मला दोन लागतात, सीताबाई. एकीनं जीव थाऱ्यावर राहत नाही. पण झाडाची माझी काही ओळख नाही." म्हटल्याबरोबर तिला ते मूर्खासारखं वाटलं. "मला चंदाचं माहीत नव्हतं. आत्ता कळलं. आशाबाईंनी सांगितलं."

पाण्यावर वाऱ्याने शिरशिरी उठली आणि गेली.

"माह्यी सुटली तं तूबी जाशीन," ती म्हणाली. "दोन्ही दोऱ्या घेऊन."

"हो."

"भेव नाई वाटत?"

"वाटते. सकाळी नव्हतं वाटत. आता खूप वाटते."

"मंग?"

"मला नाही कळत, सीताबाई."

"मले तरी कुठी कळते." सीताबाईने आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. "डोये मिटले का दिसते, हे हात गाठ मारून राह्यले. मारली मी. पक्की मारली. अन् कधी दिसते, मी झोपडीतून आली, लेकरं रडून राह्यले, अन् मी तशीच चढली घरात. दोन्ही खरं वाटते. सात वर्षं झाले. तू शिकलेली, तूच सांग, कोणतं खरं?"

दिव्यानी बांबूला दोरीचा आणखी एक वेढा देत राहिली, कारण हाताला काही काम हवं होतं.

"अन् हे असं बांधतेत का? चपलेचा बंद हाय का थो?" सीताबाईने तिचा हात बाजूला केला, गाठ उकलली, टोक खालून घेतलं, वरून घेतलं, कचकन ओढलं. मग थांबली. पुन्हा उकलली. "पाह्य नीट. आता तू मार."

दिव्यानीने मारली. आमू तोपर्यंत कडेवरून घसरून सीताबाईच्या मांडीत शिरलेली, कोणाला विचारायचं नव्हतंच तिला. सीताबाईने मासळीच्या हातांनीच तिला सावरलं आणि सवयीने पाण्याकडची ती दोरी ओढून पायाच्या अंगठ्याला गुंडाळली. या वेळी दिव्यानीची नजर दोरीबरोबर मागे गेली. दोरी जाळ्याकडे गेली नाही. काठावरून खाली, पाण्याला टेकून, सरळ करंजाला गेली. तीच दोरी. रांगेची.

"ही जाळ्याची नाही?"

"जाळ्याची काहाची?"

"रात्रीपण असते?"

"रातीबी."

"मग तुम्ही झोपता कधी?"

"तू पोट्टीच्या नाकाखाली बोट लावून पाह्यते," सीताबाई म्हणाली, "तुले इचारते का कोणी? जा. निज थोडी. तोंड पाह्य कसं झालं."

*

ती केबिनमध्ये आडवी पडली. झोप येणार नाही हे तिला माहीत होतं. पाणी ऐकत राहिली. बोट हलते आहे का, की सोबतच वाहतं आहे सगळं? खिडकीत करंजाची एक फांदी होती. ती जागेवर आहे तोवर ठीक. तिने फांदीवर डोळे लावले.

पुन्हा पाहिलं तेव्हा खिडकीत फांदी नव्हती. नुसतं पाणी होतं आणि पलीकडचा, चंद्रपूरचा काठ.

ती उठली तेव्हा डोकं छताला आपटलं. बाहेर आली. करंज होतं. आपल्या जागी होतं, उलट्या बाजूला. वारा फिरला होता आणि बोट दोन्ही दोऱ्यांवर गोल फिरून तोंड बदलून उभी होती, एवढंच. बांबूवरच्या दोन्ही गाठी कोरड्या, पक्क्या. झोपली होती का ती? किती वेळ? सावल्या लांब झाल्या होत्या.

आणि सीताबाई झोपली होती. मांडवीच्या बांबूला डोकं टेकून, तोंड उघडं, एक हात आमूच्या पोटाभोवती. आमू जागी होती. जाळ्याचा बुचाचा तुकडा चावत शांत बसली होती. एकोणीस दिवसांत दिव्यानीने सीताबाईला झोपलेलं पाहिलं नव्हतं. झोपेत तिचं तोंड बरंच म्हातारं दिसत होतं. अंगठ्याभोवतीचा वेढा सैल होऊन टाचेवर आला होता.

प्रफुलने फळी या बाजूला लावून घेतली होती; दिव्यानी ती ओलांडून हळूच तिच्या शेजारी जाऊन बसली. वेढा पुन्हा नीट करावा, तर ती जागी होईल. न करावा, तर. तिने मागची ढिली दोरी उचलली आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळली. दोरी थंड होती. तिच्यातून करंजाची ओढ बारीक, न थांबता येत होती; आमूच्या नाकाखाली बोट धरल्यावर श्वास लागायचा तशीच.

बोटीवरून प्रफुलने मान बाहेर काढली. "वारा फिरला," तो म्हणाला. "परवाचं काय मग? निघायचं का?"

तिने हात वर केला, आवाज करू नको म्हणून. त्याला तो थांब म्हणून दिसला की जा म्हणून, कोण जाणे. त्याने मान हलवली आणि आत गेला. तिचा हात तसाच वर राहिला थोडा वेळ. आमूने बुचाचा तुकडा तिच्याकडे धरला, आणि अंगठा न हलवता तो कसा घ्यावा, याचा ती विचार करत बसली.